गिअरबॉक्सचा माग

नोकरीत हाताखालून गेलेली पुष्कळ प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्याचा, हेही चटकन सांगता येत नाही. एक प्रकरण मात्र तसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. त्यातली काही माणसे अजून आहेत, काहींची मुलेबाळे आहेत, म्हणून नाव कुणाचेच देत नाही.

साठच्या दशकातली सुरुवातीची वर्षे होती. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडत असे. मी तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका ठाण्यात फौजदार होतो. ठाणे कसले, कौलारू तीन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीत एक लांब बाक. माझा हवालदार त्याच मुलखातला, अहिराणी बोलणारा. शिपायांत एक भिल्ल होता, डोंगरातली भाषा आणि वाटा दोन्ही जाणणारा. मी देशावरचा. पहिले वर्षभर निम्मे जबाब मी हवालदाराच्या तोंडूनच समजून घेत असे.

श्रावणात फिर्याद आली. एका सरकारी खात्याची जीप ड्रायव्हरसह नाहीशी झाली होती. खात्याचे साहेब डोंगरात मोलगीकडे मुक्कामाला होते. त्यांना आणायला ड्रायव्हर सकाळी एकटाच गाडी घेऊन निघाला. घाटाच्या पायथ्याच्या चहावाल्याने त्याला वर जाताना पाहिले. वर तो पोचलाच नाही. साहेब वाट पाहून शेवटी भर पावसात पायी आणि घोड्यावरून खाली आले आणि आल्या पावली त्यांनी फिर्याद दिली : ड्रायव्हरने सरकारी जीप पळवली. मी कलम ४०९ खाली, म्हणजे सरकारी नोकराने सोपवलेल्या मालाचा अपहार केल्याचा, गुन्हा दाखल केला.

त्या काळी जीप म्हणजे लहानसहान वस्तू नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने भंगारात काढलेल्या गाड्या लोक मिळतील तशा घेत आणि एकीचे सामान दुसरीला लावून चालवत. डोंगरातल्या वाटांवर दुसरे कोणतेच वाहन टिकत नसे. त्यामुळे चोरीच्या जीपला गिऱ्हाईक नक्की मिळेल, हे साहेबांचे म्हणणे खोटे नव्हते. गुजरातची हद्द एका बाजूला, मध्य प्रदेशची दुसऱ्या बाजूला. मी दोन्हीकडे शिपाई धाडले. घाटाचा मुख्य रस्ता आम्ही स्वतः पायी तपासला. दरड कोसळलेली होती, नाले भरून वाहत होते, पण गाडीचा पत्ता नव्हता.

ड्रायव्हरची बायको दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात येई. पडवीतल्या बाकावर पदर आवरून बसे आणि मी बाहेर आलो की उभी राही. पहिल्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "मन्हा घरवाला चोर नही शे, साहेब." पुढे पुढे तिने तेही म्हणणे सोडले. नुसती बघायची. हवालदार मान हलवायचा, मग ती उठून जायची. शेजारणी तिला पाणी भरताना बाजूला सारत, असे हवालदार सांगे. तिच्या दिराचे म्हणणे आणखीनच वेगळे. भाऊ पुरात गेला असावा, आता हिने कुंकू पुसावे. म्हणजे खात्याच्या लेखी तो चोर आणि घरच्यांच्या लेखी मेलेला. तो साधा जिवंत असेल, असे मानणारी ती एकटीच होती.

दसरा झाला, रस्ते वाळले. एका तपासासाठी मी शहाद्याला गेलो होतो. तिथे लोखंडी सामानाचे दुकान असलेल्या एका मारवाडी शेठजींशी माझी ओळख होती. त्यांनी चहा मागवला, गल्ल्यावरून उठून माझ्या शेजारी येऊन बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, बात तशी छोटी आहे. पण माझं नाव कुठे येता कामा नये."

"नाही येणार. बोला."

"प्रकाशा गावाच्या अलीकडे एक गुजर पाटील आहे. घरच्या गोठ्यात जीप बांधतो. देवळालीकडून सांगाडा आणला त्याने, इंजिन होतं, गिअरबॉक्स नव्हता. दोन वर्षं मला म्हणतोय, शेठ, कुठे गिअरबॉक्स दिसला तर सांगा. आणि परवा येऊन म्हणतो, गिअरबॉक्सची बेअरिंगं मागवून द्या."

"मग?"

"मग काय साहेब? ज्याच्याकडे घोडा नाही तो नाल कशाला मागेल?"

एवढी नेमकी खबर मला पगारी खबऱ्यांनी क्वचितच दिली असेल.

गाव दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत होते. तिथल्या फौजदारांना रीतसर कळवले, दोन पंच घेतले आणि खात्याचा मेकॅनिकही सोबत घेतला. सकाळीच आम्ही पाटलाच्या दारात उभे राहिलो.

या पाटलाला गावात सगळे मिस्तरी म्हणत. मीही तेच म्हणतो. चाळिशीचा, उंच, हातावर भाजल्याचे डाग. केळी आणि कपाशीची चांगली बागायत होती. पण जीव लोखंडात. त्याने बैल ओसरीत बांधले होते आणि गोठा रिकामा करून तिथे कारखाना मांडला होता. एका कोपऱ्यात भाता आणि ऐरण, खांबाला शिकंजा ठोकलेला, भिंतीला ओळीने टांगलेल्या कानशी. कार्बाइडचा गॅस तयार करायचे पिंपही त्याने घरीच बनवले होते. त्यावर तो झाळकाम करी. गोठ्याच्या मधोमध लाकडी ओंडक्यांवर जीप उभी होती. डांबराची रिकामी पिंपे उभी चिरून, ठोकून सपाट करून त्याने तिचे अंग बनवले होते. एका दारावर डांबर कंपनीच्या शिक्क्याचा अर्धा भाग अजून दिसत होता. ती गाडी पाहून हसू यायला हवे होते, पण आले नाही. काम इतके मन लावून केलेले होते.

गिअरबॉक्स पोत्याखाली झाकून ठेवला होता. मेकॅनिकने पोते उचलले, बोटाने तेलकट मळ पुसला आणि म्हणाला, "साहेब, आमचाच. ही पितळेची झाळ बघा. कवच तडकलं होतं, ती मीच भरली होती."

मी मिस्तरीला विचारले, "कुठून आणला?"

"मोलगीच्या बाजारातून."

"कुणाकडून?"

"डोंगरातला माणूस होता. नाव नाही विचारलं."

माझ्याशी तो शाळेतली मराठी बोलत होता, जपून. पंचनामा लिहिणे सुरू झाले. मी गोठ्यात फिरत होतो. भंगाराच्या ढिगात मला एक विचित्र वस्तू दिसली. दोन लांब लोखंडी पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या अर्धगोल कड्या, कड्यांना आतून कातडे शिवलेले. एक कडी वाकडी झाली होती, म्हणून बाजूला टाकलेली असावी.

"हे काय?"

मिस्तरीने पहिल्यांदाच नजर वळवली. घाईत त्याच्या तोंडून घरची बोली आली. "बैलना पायसाठे करेल शे, साहेब."

मी बाजेवर बसलो, पायातला बूट काढला आणि पाय त्या पट्ट्यांमध्ये ठेवला. वरची कडी माझ्या गुडघ्याखाली नेमकी बसली, खालची घोट्याच्या वर. कातडे पोटरीला लागले. बैलाच्या पायाचा आणि त्या वस्तूचा काडीचा संबंध नव्हता. मिस्तरी ऐरणीकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि भट्टी तर विझलेली होती.

त्याला ठाण्यात आणले. कलम ४११, चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा, असा त्याला स्पष्ट समजावला. बागायतदार माणूस, घरात म्हातारी आई, गावात मान. अशी माणसे लॉकअपचे दार बघूनच निम्मी बोलू लागतात. हा बोलला नाही. गिअरबॉक्सच्या बदल्यात काय दिले, याचेही उत्तर नाही. ती पट्ट्यांची वस्तू कुणाच्या पायाची, याचे तर नाहीच.

चौकशीत मी एक गोष्ट पाहत आलो आहे. स्वतःला वाचवणारा माणूस पुष्कळ बोलतो. तो कारणे देतो, शपथा घेतो, दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दुसऱ्या कुणाला वाचवणारा गप्प बसतो, कारण कोणता शब्द त्या दुसऱ्याला नडेल हे त्याला ठाऊक नसते. मिस्तरी या दुसऱ्या जातीतला वाटत होता. हवालदार म्हणाला, "साहेब, जरा दम देऊ का?" मी नको म्हणालो. दमाने उत्तर मिळते, पण ते खरे असेलच असे नाही.

तो बाजाराचा दिवस होता. दुपारी ड्रायव्हरची बायको नेहमीप्रमाणे आली. मी मिस्तरीला हवा लागावी म्हणून पडवीत बाकाच्या टोकाला बसवले होते. ती दुसऱ्या टोकाला बसली. गाडीचा तुकडा सापडल्याची बातमी बाजारात पसरली असावी. तिने एकदा त्याच्याकडे पाहिले, हवालदाराकडे पाहिले. मी हवालदाराला खुणेने थांबवले.

ती मिस्तरीला म्हणाली, "भाऊ, गाडीना तुकडा तुमनाकडे सापडना म्हंतस. गाडी सापडनी, तर मन्हा घरवाला बी सापडी ना?"

मिस्तरीने विचारले, "तू कोन, माय?"

तिने सांगितले. मग एकेक करून सगळेच सांगितले. शेजारणींचे, दिराचे, कुंकवाचे. आवाज चढवला नाही, रडली नाही. बाजारातले भाव सांगावेत तसे सांगितले. मिस्तरी ऐकत होता. मी दारात उभा होतो.

शेवटी तो म्हणाला, "माय, कुंकू पुसू नको. जित्ता शे तुन्हा घरवाला."

ती उठली नाही. किंचाळली नाही. बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसून राहिली. आणि मग इतक्या महिन्यांचे रडू एकदमच आले. हवालदार पाणी आणायला आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. त्याचेही डोळे भरले होते, हे त्याने पुढे मान्य केले.

मिस्तरी माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "साहेब, मी जबान दिधेल होती. ती मोडली. आता तुम्ही एक जबान द्या. त्या माणसाला बेड्या घालू नका. त्याचा पाय मोडलाय."

मी म्हणालो, "कायद्याने काय होईल ते माझ्या हातात नाही, तेव्हा तसा शब्द देत नाही. पण जे घडलं असेल तेच लिहीन. एका अक्षराने वाढवणार नाही, कमी करणार नाही. हा शब्द घ्या."

तो सांगू लागला. मोलगीच्या बाजारात त्याची केळी जात असत. तिथे येईल त्याला तो गिअरबॉक्सबद्दल विचारी, त्यामुळे त्याचा गोठा आणि त्याचे वेड साऱ्या डोंगराला माहीत होते. एकदा दोघे जण बांबूला गिअरबॉक्स लटकवून घेऊन आले. बदल्यात त्यांना दुसरे काही नको होते. पाय मोडून वाकडा जुळलेल्या माणसाला उभे राहता येईल असे लोखंडी काहीतरी करून हवे होते. मापाची दोरी आणली होती, तिला गाठी मारलेल्या. आणि केळीच्या सोपटावर कोळशाने काढलेले चित्रही होते, बोल्टाची जागासुद्धा दाखवलेली. ते चित्र यंत्राची सवय असलेल्या हाताचे आहे, हे मिस्तरीने लगेच ओळखले. खोदून विचारल्यावर त्यांनी सगळे सांगितले आणि कुणाला न सांगण्याची आण घातली. ड्रायव्हरवर चोरीचा गुन्हा आहे, पोलीस शोधत आहेत, हे त्यांनी बाजारात ऐकून त्याला सांगितले होते आणि तो धास्तावला होता. पायासाठी केलेला पहिला सांगाडा वाकडा झाला, दुसरा बरोबर जमला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. मी, भिल्ल शिपाई, मिस्तरी आणि ती. तिला नेऊ नये असे माझे मत होते. तिने विचारलेच नाही, ती फक्त चपला घालून पडवीत उभी होती. मोलगीपर्यंत भाड्याच्या जीपने आणि पुढे पायवाटेने. शेवटच्या चढाला तीच सगळ्यांच्या पुढे होती.

पाडा म्हणजे टेकडीच्या अंगाखांद्यावर दूरदूर विखुरलेल्या झोपड्या. खाकी कपडा दिसताच माणसे पांगली. शिपायाने लांबूनच त्यांच्या भाषेत हाळी दिली, पकडायला आलो नाही म्हणून. एका झोपडीच्या दारात, मोहाच्या बुंध्याला टेकून एक माणूस मक्याची कणसे सोलत बसला होता. दाढी वाढलेली, अंगाने खंगलेला, डाव्या पायाला लोखंडी पट्ट्या. आम्हाला पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला. दोन्ही हात पुढे केले, बेडीसाठी.

"गाडी मी इकी नही, साहेब," तो म्हणाला. मग त्याला माझ्या शेजारी उभी असलेली बायको दिसली आणि पुढे केलेले हात त्याने खाली घेतले.

तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले. मला वाटले, आता रडेल. ती कडाडली, "इतला दिन व्हयनात, एक निरोप धाडता नही उना का तुमले?"

शिपाई हसला, मिस्तरी हसला, आणि न राहवून मीही हसलो. इतके महिने छातीत अडकलेला श्वास सुटावा तसे ते हसणे होते. लपलेली माणसेही मग हळूहळू झोपड्यांआडून बाहेर आली.

जबाब मी तिथेच, बाजेवर बसून घेतला. घाटात वर चढताना त्याला काही माणसे झोळीतून एकाला नेताना भेटली. अस्वलाने त्याचे तोंड आणि खांदा फाडला होता. दवाखाना नदीपलीकडे होता, मुख्य रस्ता सोडून गाडीवाटेने जावे लागे. ड्रायव्हरने साहेबांकडे जायचे सोडून गाडी वळवली. नदीला पाणी होते, जीप उतरेना. तेव्हा माणसांनी जखमीला बाजेवर घालून गळाभर पाण्यातून पलीकडे नेले. त्यामुळे दवाखान्यात कुणी जीप पाहिलीच नव्हती. हा मागे फिरला, सोबत जखमी माणसाचा भाऊ होता. पावसाने पोखरलेली वाटेची कड खचली आणि गाडी नाल्यात गेली. भाऊ बाहेर फेकला गेला, याचा पाय गाडीखाली आला. त्या भावाने त्याला पाठीवर घेऊन आपल्या पाड्यावर आणले, आणि तेव्हापासून आपल्या घासातला घास दिला.

ऐकलेले सगळेच मी खरे मानत नाही, ती सवय नोकरीने लावलेली. मी नाल्यात उतरलो. जीप उलटी पडली होती, वरून वेली चढल्या होत्या. ड्रायव्हरच्या सांगण्यावरून पाड्यातल्या माणसांनी गिअरबॉक्स सोडवून नेला होता, ती जागा रिकामी होती. खचलेल्या कडेचा चर अजून स्पष्ट दिसत होता. पंचनामा केला. मग तो अस्वलाने फाडलेला माणूसच माझ्यापुढे येऊन उभा राहिला. अर्ध्या चेहऱ्यावर व्रण, एक डोळा मिटलेला, पण धडधाकट. त्याला मराठी येत नव्हते. त्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिला. त्याचा जबाब पुढे शिपायाने भाषांतर करून लिहून घेतला, पण मला जे समजायचे ते तिथेच समजले.

ड्रायव्हरला त्या दोघा भावांनी आणि पाड्यातल्या माणसांनी बाजेवरून मोलगीला उतरवले. गुन्ह्यात मी सी समरीचा अहवाल पाठवला. म्हणजे फिर्याद खोटी नव्हती, समजुतीची चूक होती. न्यायाधीशांनी तो मंजूर केला. चोरीच झाली नव्हती, तेव्हा चोरीचा माल कसला? मिस्तरीवरचा आरोप आपोआप गळून पडला. गिअरबॉक्स खात्याकडे परत गेला. खात्याने ड्रायव्हरला वाट सोडल्याबद्दल समज दिली आणि भांडारात बसून करायचे काम दिले. ज्या साहेबांनी फिर्याद दिली होती, त्यांनीच त्याच्यासाठी शब्द टाकला, हे नमूद केले पाहिजे. नाल्यातली जीप पुढे खात्याने जाहीर लिलावात काढली. कुणी घेतली असेल, हे सांगायला नको. पुढच्या उन्हाळ्यात डांबराच्या पिंपांची ती गाडी मी तापीच्या वाळूत धडधडत जाताना पाहिली. मिस्तरीने हॉर्न वाजवला. तो बैलगाडीच्या घुंगरांसारखा काहीतरी वाजला, बहुधा तोही घरीच बनवलेला असावा.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे नव्या मुलांनी विचारले की मी दोन गोष्टी सांगतो. गप्प बसलेल्या माणसाला लगेच गुन्हेगार समजू नका, आधी तो कुणासाठी गप्प आहे ते शोधा. आणि फिर्यादीत वस्तू आणि माणूस दोन्ही हरवले असतील, तर कागदावर वस्तू कितीही वर लिहिलेली असो, तपास माणसापासून सुरू करा.

डोंगरातून परतल्यावर ड्रायव्हर आणि त्याची बायको पडवीतल्या बाकावर टेकली आणि हवालदाराने स्टेशन डायरी पुढे केली. मी लिहिले : "बेपत्ता इसम जिवंत मिळून आला." त्या डायऱ्यांमधून मी मारहाण, खून, बुडीत, जळीत असे काय काय लिहिले आहे. त्या दिवशी ते एक वाक्य लिहिले, टाक खाली ठेवला, आणि हवालदाराला म्हणालो, "सगळ्यांना चहा सांगा. बाकावरच्या दोघांना आधी."